पानिपतपर्यंतचा गारवा

चंद्रप्रभा गेल्याचं कळलं तेव्हा विनायक मेट्रोत बसला होता आणि त्याच्या मांडीवर गाडीच्या एसीचा कंडेन्सर होता.

मे महिन्यातला मंगळवार होता. सकाळी चहा पिऊन तो करोल बागेत गेला होता. तिथे गाडीच्या सुट्या भागांच्या गल्ल्या आहेत. चार दुकानं पालथी घातल्यावर पाचव्यात त्याला हवा तो कंडेन्सर मिळाला. रेडिएटरसारखी चपटी जाळी, गाडीच्या नाकाशी बसते, गॅसमधली उष्णता बाहेर टाकते. शोरूमवाल्याने एसीचं सगळं मिळून लाखाच्या वर सांगितलं होतं. इथे त्यातल्या थोड्याशाच पैशांत काम होत होतं. तो जाळीच्या पात्या उजेडात धरून बघत होता तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"विनायकराव, चंद्रा उठत नाहीये."

"झोपली असेल, आई. सकाळी गोळी घेतलीय तिने."

"हाक मारली. हलवलं. उठत नाहीये."

"समोरच्या कृतिकाला बोलवा. मी निघालोच."

फोन ठेवला आणि दुकानदाराला म्हणाला, "पैक कर दो." हे तीन शब्द त्याला पुढे फार छळणार होते. दुकानदाराने जाळीला पुठ्ठा लावला, सुतळी गुंडाळली, त्यात पाच मिनिटं गेली असतील. मेट्रोच्या तपासणीत ती वस्तू मशीनमध्ये अडली. शिपायाने विचारलं, "ये क्या है?" विनायकने सांगितलं, गाडीच्या एसीचा कंडेन्सर आहे, कुठे बसतो, काय करतो. शिपायाला एवढं नको होतं. पण याचं तोंड थांबेना.

गाडी राजौरी गार्डनच्या पुढे गेली तेव्हा कृतिकाचा फोन आला. ती म्हणाली, "अंकल, आप आराम से आइए." आराम से म्हटल्यावर त्याला कळलं.

घरी पोचला तेव्हा दार उघडंच होतं. हॉलमध्ये शेजारपाजारचे आठदहा लोक, आतल्या खोलीत चंद्रप्रभा, आणि तिच्या उशाशी तिची आई, हौसाबाई. हौसाबाईंनी वर पाहिलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग काखेतल्या पुठ्ठ्याकडे. त्या पुठ्ठ्याचं काय करायचं ते त्याला सुचेना. मग त्याने तो बाल्कनीत नेऊन ठेवला आणि तेव्हा कुठे तो बायकोजवळ येऊन बसला.

*

विनायक केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. नोकरी सगळी दिल्लीत, घर द्वारकेत, मूलबाळ नाही. चंद्रप्रभा साताऱ्याकडची, हवालदाराची मुलगी, निम्मं बालपण छावण्यांमध्ये गेलेलं. चार वर्षांपूर्वी ती कोविडमधून वाचली, पण छाती कमकुवत झाली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा तिच्याकडे बघायला म्हणून हौसाबाई पंधरा दिवसांसाठी पानिपतहून आल्या, मुलाकडून. लेकीच्या घरी आईने फार राहू नये असं म्हणत म्हणत चार वर्षं राहिल्या.

गाडी मात्र विनायकच्या एकट्याच्या हौसेची. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीचं आयुष्य पंधरा वर्षांचं, त्यामुळे ती दहा-बारा वर्षांची झाली की भाव मातीमोल होतो. गुरगावच्या एका साहेबाने आपली लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली परदेशी स्पोर्ट्स कार अशीच काढून टाकली ती याने घेतली. घरी आणली तेव्हा चंद्रप्रभाने बाल्कनीतून पाहिली आणि म्हणाली, "बूढ़ी घोड़ी लाल लगाम." मग खाली उतरून आत डोकावली. "यात दोनच सीटं आहेत की हो. आईला काय टपावर बसवायचं?"

तेव्हापासून तिघांतला एक जण कायम घरी राहायचा, आणि तो एक म्हणजे हौसाबाई. त्या गाडीत त्या कधी बसल्या नाहीत. एसी पहिल्यापासूनच बेताचा. उन्हाळ्यात चंद्रप्रभा रुमालाने मान पुसत म्हणायची, "गाडी तुमची, घाम माझा." या उन्हाळ्याच्या आत नीट करतो, असं तो दोन उन्हाळे म्हणत होता.

*

तेरावा झाला. उदयसिंह, चंद्रप्रभाचा धाकटा भाऊ, पानिपतला चादरी-गालिच्यांच्या कारखान्यात मॅनेजर होता. तो आणि त्याची बायको अर्पिता सगळे दिवस येऊन-जाऊन होते. तेराव्याच्या दुपारी हौसाबाईंनी आपली दोन लुगडी घडी करून पिशवीत घातली.

"आता मी पानिपतला जाते, विनायकराव. माझं इथलं काम झालं."

उदयसिंह म्हणाला, "चल की मग आत्ताच, आई. आमच्याबरोबर."

विनायक पटकन बोलून गेला, "या उन्हात? तुमच्या गाडीत तीन माणसं, सामान. मागच्या वेळी आईंना उलट्या झाल्या होत्या ना? एसी बसवतोच आहे मी. सामान आणून पडलंय. दोन-तीन दिवसांत होईल, मी आणून सोडतो."

"दाजी, तुमच्या त्या घोड्यावर आई बसणार?" उदयसिंह बऱ्याच दिवसांनी हसला.

हौसाबाईंनी क्षणभर विचार केला. ऊन खरंच बोलायची सोय ठेवत नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "दोन-तीन दिवस."

आपण असं का म्हणालो ते विनायकला रात्री अंथरुणावर पडल्यावर समजलं. पानिपतवाले गेले होते, पण पलीकडच्या खोलीत कोणीतरी खोकत होतं. उद्या तो खोकलाही नसता.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी खाली पार्किंगमध्ये, मग वर, मग पुन्हा खाली. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर थांबवत नव्हतं. पेपर हातात घ्यायचा, पहिलं पान झालं की ठेवायचा. गाडी त्याने ककरोला मोडच्या नीरजकडे नेली. नीरज चाळिशीचा, एसीचंच काम करणारा, टिनाच्या छपराखाली त्याचं गॅरेज. त्याने जुना कंडेन्सर काढून दाखवला. जाळीत वर्षानुवर्षांची धूळ, कडुनिंबाची पानं, आणि मेलेले किडे गच्च भरलेले.

"इसमें से हवा क्या, आवाज़ भी नहीं जाएगी," तो म्हणाला.

नवीन जाळी बसली. रबराच्या झिजलेल्या रिंगा बदलल्या, नळ्या रिकाम्या करून गॅस भरला. विनायकने एक छोटा थर्मामीटर आणून गाडीत एसीची हवा येते त्या जाळीत खोचला. आकडा एकोणीसवर थांबला. आधी तेवीस होता.

घरी आल्यावर हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "झाला का?"

"फरक आहे. अजून थोडं राहिलंय."

आणि ते थोडं संपेना. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट राहते, हवा तिथून निसटते, असं त्याने मोबाइलवर पाहिलं. मग गादीचा जुना फोम कापून त्याने स्वतः त्या फटी बुजवल्या. साडेसतरा. आतला हवेचा फिल्टर काढला तर तो काळाठिक्कर निघाला. नवीन घातला. सोळा. टपाच्या आतून उष्णता अडवणारी चंदेरी शीट चिकटवली, मागच्या मोठ्या काचेसाठी दुमडता येणारा पडदा आणला. पंधरा. खात्यात असताना ठेकेदाराची बिलं कापली तशा काटकसरीने तो एकेक अंश कापत होता. दुपारी दोन वाजता, लू वाहत असताना, तो गाडीत बसून थर्मामीटरकडे बघायचा. सोसायटीचा वॉचमन छपराच्या सावलीतून म्हणायचा, "साहब, बीमार पड़ोगे."

वर हौसाबाई दोघांपुरता स्वयंपाक करून बसलेल्या असायच्या. बोलणं थोडकंच.

"मीठ झालंय का बरोबर?"

"हो."

"चंद्रा म्हणायची, तुम्हाला कमी लागतं."

"हो. बरोबर आहे."

तेवढ्यावर जेवण व्हायचं. कंडेन्सरचा विषय त्यांनी कधी काढला नाही. त्याने काढावा असं त्याला रोज वाटायचं. त्या दिवशी मी तो पुडा तिथेच टाकून निघालो असतो तर, असं सुरू करायचं तो ठरवायचा, आणि मग ताट उचलून उठायचा.

दोन-तीन दिवसांचे बारा झाले. उदयसिंहचा फोन यायचा. "दाजी, झाला का तुमचा बर्फाचा कारखाना? आई तिकडे आणि इथे तिची खोली रिकामी. अर्पिता रोज विचारते."

"झालाच."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नीरजकडे गेला. "पंद्रह से नीचे क्यों नहीं जा रहा?"

नीरजने या खेपेला डाव्या सीटसमोरचा कप्पा उतरवला, आत हात घातला, टॉर्च मारला आणि थांबला. "अंकल, ये किसने बांधा है?"

विनायकला बघायची गरज नव्हती. आत एक झडप असते. ती बंद केली की एसी गाडीतलीच थंड झालेली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, उघडी राहिली की बाहेरची हवा आत ओढतो. चंद्रप्रभाला हॉस्पिटलातल्या त्या दिवसांनंतर कोंडलेली हवा सोसत नसे. लिफ्टमध्येही ती जायची नाही, तीन मजले थांबत थांबत चढायची. गाडीत बसली आणि ती झडप मिटली की तिचा हात काचेच्या बटणावर जायचा. तेव्हा विनायकने बांधकामावरची तार घेतली आणि ती झडप कायमची उघडी बांधून टाकली. तिला दाखवलीही. "आता मिटणारच नाही." तेव्हापासून कुठे ती गाडीत निवांत बसू लागली.

"मैंने," तो म्हणाला.

"आप बाहर की लू को ठंडा कर रहे हो. पैंतालीस डिग्री को. पूरी दिल्ली का एसी चला रहे हो आप." नीरजने पक्कड उचलली. "ये काट दूँ, एक मिनट का काम है. एक पैसा नहीं लगेगा."

"रहने दो."

"फिर ये कंडेन्सर, गैस, फोम, सब क्यों कराया?"

विनायकने त्याच्या हातातली पक्कड काढून खाली ठेवली. कप्पा परत लावायला सांगितला. नीरजने लावला, पण लावताना मान हलवली.

घरी हौसाबाई दारातच होत्या. "काय म्हणाला मिस्त्री?"

"एक पार्ट यायचाय," विनायक म्हणाला. "मुंबईहून. आठवडा लागेल."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. खात्यात चाळीस वर्षं काढून त्याने ती लावून घेतली नव्हती. हौसाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हं म्हटलं आणि आत गेल्या. त्या रात्री त्याने स्वतःशी हिशेब मांडला. तार कापली तर चंद्रप्रभासाठी केलेली एक गोष्ट जाते, आणि एसी गार झाला की आईही जातात. तार राहिली तर दोन्ही राहतं. पण किती दिवस? आणि हे सगळं करण्यापेक्षा, आई, तुम्ही इथेच राहा, एवढं म्हणायला काय हरकत होती? म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण कोणत्या नात्याने म्हणायचं? लेक होती तोवर त्या लेकीच्या घरी होत्या. आता हे नुसतं जावयाचं घर. घरात एक नातवंड असतं तर त्याच्यासाठी तरी थांबा म्हणता आलं असतं. आणि त्या नाही म्हणाल्या तर? ज्या माणसाने मरत्या बायकोऐवजी लोखंडाचा पुडा सांभाळला त्याला त्या हो कशाला म्हणतील?

दोन दिवसांनी उदयसिंहने फोनवर स्पष्टच सांगितलं. "दाजी, तुमचा पार्ट येईल तेव्हा येईल. मी रविवारी पहाटे येतो, उन्हाच्या आत आईला घेऊन जातो. लोकही विचारायला लागलेत, मुलगा असताना आई जावयाकडे का म्हणून."

विनायक म्हणाला, "नको येऊ. पार्ट आलाय. मीच आणतो रविवारी."

फोन ठेवून तो पक्कड घेऊन खाली गेला. जायचंच आहे तर दोन तास तरी त्या आपल्या शेजारी बसतील. समोरासमोर ताटावर जमत नाही ते गाडी चालवताना, रस्त्याकडे बघत, जमेल. त्याने कप्पा उतरवला. तार गंजली नव्हती. एक मिनिटही लागलं नाही. झडप आपली आपण खाली आली. भर दुपारी त्याने इंजिन सुरू केलं. बारा. दहा. आठ. शेवटी सात. तो सात बघत अर्धा तास बसला. हात थंड पडले तेव्हा उतरला.

*

रविवारी सकाळी सहाला हौसाबाई खाली आल्या. गाडी इतकी खाली होती की बसायचं कसं ते त्यांना समजेना. विनायकने सांगितलं, "आधी बसा, मग पाय आत घ्या." त्या बसल्या, पिशवी पायाशी घेतली आणि म्हणाल्या, "जमिनीवरच बसल्यासारखं वाटतंय की." सीटबेल्ट त्याने ओढून दिला. त्यांनी डाव्या हाताने सीटची कड एकदा चाचपली. तिथे आजवर चंद्रप्रभा बसायची.

मुकरबा चौकापर्यंत रस्ता मोकळा होता. पुढे करनालचा हायवे लागला तेव्हा ऊन वर आलं होतं. आत गारवा होता. सोनिपतच्या आसपास हौसाबाईंनी पदर खांद्यावरून गुंडाळून घेतला.

"कमी करू?"

"असू द्या. बरं वाटतंय. आमच्या हवालदारांची बदली पठाणकोटला होती तेव्हा अशी हवा असायची." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मुंबईचा पार्ट कधी आला?"

विनायकने पुढचा ट्रक गाठून मागे टाकला. मग म्हणाला, "पार्ट नव्हताच, आई."

"ते मला कळलं होतं. तुमचे कान लाल झाले होते."

तेव्हा त्याने तारेचं सांगितलं. झडपेचं, लिफ्टचं, काचेच्या बटणावर जाणाऱ्या हाताचं. सांगताना रस्त्यावरून नजर हलवली नाही. हौसाबाईंनी ऐकून घेतलं.

"लहानपणी गोधडी तोंडावर घ्यायची नाही," त्या म्हणाल्या. "पठाणकोटच्या थंडीतसुद्धा. नाक बाहेर. तिचं नाक लाल व्हायचं." मग म्हणाल्या, "त्या दिवशीचं तुमच्या मनात आहे ना? पुड्याचं?"

त्याने मान हलवली.

"मी फोन केला तेव्हाच ती गार होती, विनायकराव. मला समजलं होतं. चार माणसं मी अशी डोळ्यांसमोर गेलेली पाहिलीत. पण तुम्हाला फोनवर कसं सांगायचं? म्हणून उठत नाही म्हटलं. तुम्ही उडून आला असता तरी काही उपयोग नव्हता."

विनायकला समोरचा रस्ता नीट दिसेना. त्याने वेग कमी केला, डावीकडे घेतलं. मागून एक बस हॉर्न देत गेली. मुरथलचे ढाबे आले नि गेले. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी सरकलं होतं आणि आता बोलायला जागा झाली होती. पानिपत तासाभरावर होतं.

जागा त्यांनीच करून दिली. "एक सांगा," हौसाबाई म्हणाल्या. "एका मिनिटाचं काम होतं म्हणता. मग इतके दिवस मला थांबवलंत कशाला?"

याहून सरळ प्रश्न असू शकत नाही. उत्तरही तयार होतं. रोज रात्री त्याने ते पाठ केलेलं होतं. तुमच्या खोकल्यासाठी थांबवलं. दोघांपुरत्या स्वयंपाकासाठी. तुम्ही गेल्यावर त्या घरात चंद्राला चंद्रा म्हणणारं कोणी उरत नाही म्हणून. चला, इथूनच गाडी वळवतो.

"ऊन होतं," तो म्हणाला.

हौसाबाईंनी काही वेळ त्याच्याकडे पाहिलं. आणखी काही येतं का याची त्या वाट बघत होत्या हे त्याला कळत होतं. टोलनाका आला, गेला. त्यांनी मान वळवली आणि बाहेरची शेतं बघू लागल्या. "हो," त्या म्हणाल्या. "ऊन तर होतंच."

पानिपतला उदयसिंह गल्लीच्या तोंडाशी उभा होता. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मान गए, दाजी. आई तर फ्रीजमधून काढल्यासारखी ताजी आलीय." अर्पिताने पोहे केले होते. हौसाबाईंची खोली वरच्या मजल्यावर, नवीन चादर घातलेली, खिडकीला कूलर. विनायकने त्यांची पिशवी वर नेऊन ठेवली. सगळं चांगलं होतं. इथे त्यांना काही कमी पडणार नव्हतं, आणि ते बघून त्याला बरं वाटलं नाही.

निघताना हौसाबाई जिना उतरून खाली आल्या. "जेवण करत जा वेळेवर. डबा लावू नका, त्यात तेल फार असतं."

"हो."

"आणि उन्हात गाडीत बसून राहू नका. वॉचमन सांगत होता मला."

"नाही बसणार."

त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. त्याने किल्ली काढली, परत खिशात घातली, पुन्हा काढली. उदयसिंह म्हणाला, "निघा दाजी, ऊन वाढतंय." तो निघाला.

आता जून संपत आलाय. गाडी पार्किंगमध्ये आहे आणि एसी सात अंशांवर चालतो. विनायक आठवड्यातून दोनदा पानिपतला फोन करतो. हौसाबाई जेवणाचं विचारतात, तो कूलरचं विचारतो. परवा त्या म्हणाल्या, इथे दिवसभर घरात कोणी नसतं, दोघंही कामावर जातात, भिंती बघत बसते. तो म्हणाला, हो, दिवस मोठे आहेत सध्या. पलीकडे कूलरची घरघर ऐकू येत होती. मग त्यांनी फोन ठेवला. परत या, असं त्याने त्यांना अजून म्हटलेलं नाही.